मोकळा नकाशा

मोजणी खात्यात ट्रेसर नावाचा एक माणूस असायचा. सर्व्हेअर उन्हातान्हात शेतं मोजून कच्चा नकाशा आणायचा आणि ट्रेसर तो टेबलावर वाकून, काळ्या शाईनं, ट्रेसिंगच्या कापडावर उतरवायचा. सर्व्हेअरची सही डाव्या कोपऱ्यात, तपासणाऱ्या साहेबाची उजव्या कोपऱ्यात आणि मध्ये गोल शिक्का. ट्रेसरला कोपराच उरायचा नाही. भिमाजी रणशूर यांनी अशी एकतीस वर्षं काढली. संगमनेर, अकोले, राहुरी या तिन्ही तालुक्यांतले बांध, विहिरी, ओढे आणि पाऊलवाटा त्यांच्या टाकाखालून गेल्या, पण त्यातल्या एकाही कागदावर त्यांचं नाव नव्हतं.

१९९४ साली ते रिटायर झाले तेव्हा साहेबांनी शाल घातली आणि भाषणात म्हणाले, "रणशूरांचं अक्षर फार सुंदर." घरी आल्यावर बनाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, शाल घडी करून ठेवली आणि विचारलं, "आवो, अक्षर सुंदर हाय खरं. पर तुमचं म्हनून दाखवायला एक तरी कागूद हाय का?"

हे त्यांना फार लागलं. बनाबाईंना टोमणा मारायचा नव्हता, त्या सरळ बाई, डोक्यात आलं ते तोंडात आलं. पण त्या दिवसापासून भिमाजींच्या मनानं घेतलं, की मरण्याआधी एका तरी छापील नकाशाखाली आपलं नाव यायचं. ही गोष्ट त्यांनी फक्त बनाबाईंना सांगितली, त्यामुळे आठवड्याभरात ती आख्ख्या अकोले नाक्याला माहीत झाली.

योग जुळून आला दोन वर्षांनी. कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या शुभांगी गुंजाळ मॅडमनी तालुक्याचा लोककोश काढायचं मनावर घेतलं. तालुक्यातलं प्रत्येक गाव, ओढा, घाट, जत्रा, पीक, सगळ्याची नोंद त्यात यायची होती आणि ती लोकांनीच लिहायची होती. नियम एकच. कुणीही लिहावं आणि कुणाचंही कुणीही दुरुस्त करावं. पोस्टकार्ड टाकलं की झालं. मॅडम हा नियम करून गेल्या आणि पुढं दीड वर्ष पस्तावल्या. एका गावानं कळवलं, आमचा बाजार गुरुवारी भरतो. दुसऱ्याच दिवशी दुरुस्ती आली, की गुरुवारी भरतो पण सुरू बुधवारी संध्याकाळीच होतो. त्यावर तिसरं कार्ड आलं, की ज्याला बुधवारी संध्याकाळी बाजार दिसतो त्यानं डोळे तपासून घ्यावेत. मॅडमकडे अशी कार्डं बुटांच्या खोक्यांतून रचून ठेवलेली होती आणि पोस्टमन त्यांच्या दारात आला की पाणी मागून घेऊन पायरीवरच बसायचा.

चित्रांसाठी मात्र कडक शिस्त होती. झालं होतं असं, की कोशाच्या आधी काढलेल्या एका पुस्तिकेत कुणीतरी घाटाचा फोटो पाठवला, तो छापला, आणि चौथ्या दिवशी एक फोटो स्टुडिओवाला मॅडमच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, फोटो माझा आहे, मला विचारलं का? सकाळी आला तो दुपारी जेवूनच उठला. तेव्हापासून मॅडमनी एक हिरवा फॉर्म छापून घेतला. चित्र कुणाचं, काढलं कुणी, मालकाची परवानगी आहे का, सही. हे हिरवे फॉर्म सांभाळायचं काम आबासाहेब वर्पे यांच्याकडे होतं. आबासाहेब रिटायर हेडमास्तर. एखादा फॉर्म अपुरा सापडला की त्यांना जेवण गोड लागायचं.

आता भिमाजींचा नकाशा. त्यांना एक खोड होती. दर रविवारी ते रद्दीवाल्याकडे चक्कर मारायचे, कारण कागद किलोवर विकला जातो हे त्यांना बघवायचं नाही आणि बघितल्याशिवाय राहवायचंही नाही. तिथं एका पत्र्याच्या पेटीच्या तळाला अस्तर म्हणून लावलेला संगमनेर तालुक्याचा नकाशा त्यांना मिळाला. सन १८८७, काढणार पिकरिंगसाहेब, शिळाछाप. घडीवर बोट ठेवलं तरी तुकडा पडेल अशी अवस्था. भिमाजींनी तो काचेवर ठेवला आणि आठ महिने खपून नव्या कापडावर उतरवला. नुसता उतरवला नाही. साहेबानं गावांची नावं इंग्रजीत अशी काही लिहिली होती, की त्या गावच्या माणसालाही आपलं गाव ओळखू येऊ नये. ज्या नावाचा पत्ता लागेना तिथं भिमाजी एस्टीनं जायचे, पारावरचा सगळ्यात म्हातारा माणूस गाठायचे आणि खात्री करूनच मराठीत नाव घालायचे. एकशेएकाहत्तर गावं झाली. बनाबाई म्हणायच्या, "लगीन झाल्यापास्नं मला कुठं न्हेलं न्हाई, आन ह्या सायबासाठी समदा तालुका हिंडले."

नकाशा पाहून गुंजाळ मॅडम खुर्चीतून उठल्याच. "नाना, हा पहिल्या पानावर घालायचा. आख्खं पान."

भिमाजींनी घसा खाकरला. "आन खाली नाव...?"

"तुमचंच. दुसऱ्या कुणाचं?"

भिमाजींना वाटलं आता आपण इथंच रडणार. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून आबासाहेबांनी हिरवा फॉर्म सरकवला.

"मालक कोण?" आबासाहेबांनी विचारलं.

"पिकरिंगसायेब."

"मग त्यांची परवानगी आणा."

"गुरुजी, अठराशे सत्त्याऐंशीचा मानूस हाय. असंल कसा?"

"मग वारसाची आणा."

मॅडम मध्ये पडल्या. इतक्या जुन्या कामावर कुणाचा हक्क राहत नाही, कायद्यानं ठरावीक वर्षं उलटली की ते मोकळं होतं, असं त्यांनी समजावून सांगितलं. आबासाहेबांना ते पटेना. "मोकळं म्हणजे काय? मालक नाही अशी वस्तू मी जन्मात पाहिली नाही. घराला मालक, कुत्र्याला मालक. ज्याला कुणी नाही ते सरकारचं. फॉर्ममधला रकाना कोरा राहणार नाही." शेवटी मॅडम म्हणाल्या, की पुढच्या पंधरवड्यात पेपर तपासायला नगरला जायचंच आहे, तिथं ओळखीचे वकील आहेत, त्यांचं मत लेखी घेऊन येते. छापखान्याची मुदत महिन्याची होती. रकाना भरला तर पहिलं पान भिमाजींचं, नाही भरला तर त्या पानावर सहकारमहर्षींचा फोटो जाणार होता. त्या फोटोचा फॉर्म पूर्ण होता.

दुसरा कुणी असता तर मॅडमची वाट बघत बसला असता. पण भिमाजींची हयात मोजणी खात्यात गेलेली. एखाद्या गोष्टीवर कुणाचा हक्क नाही हे ठरवायचं कसं, याची त्यांना एकच रीत ठाऊक होती. जाहीर नोटीस काढायची, हरकती मागवायच्या, सुनावणी घ्यायची, पंचनामा करायचा. असं करा म्हणून त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या त्या प्रसिद्ध अक्षरात बारा नोटिसा लिहिल्या आणि स्टँडवर, चावडीवर आणि जिथं पहाटे आख्खं गाव कॅन घेऊन उभं असतं त्या दूध डेअऱ्यांवर चिकटवल्या.

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, सन १८८७ चा संगमनेर तालुक्याचा नकाशा, काढणार पिकरिंगसाहेब, बहुधा मयत, यांचे कोणी वारस, हिस्सेदार अगर हितसंबंधी असल्यास त्यांनी पंधरा दिवसांत लेखी हरकत घ्यावी. मुदतीनंतर आलेली तक्रार ऐकली जाणार नाही. भि. ये. रणशूर, निवृत्त ट्रेसर."

आता खेड्यातला माणूस नोटीस कधी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो का? त्याला त्यात तीन शब्द दिसले. नकाशा, हिस्सेदार, हरकत. झालं. सगळीकडे बातमी पसरली, की इंग्रजांच्या वेळच्या नकाशावरून सगळ्या जमिनी परत मोजणार आहेत आणि सगळं त्या अकोले नाक्याच्या रणशूरच्या हातात आहे. चौथ्या दिवशी भिमाजींच्या दारात अकरा सायकली, तीन मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर उभा होता. हरकती एकूण एक्केचाळीस आल्या. पिकरिंगसाहेबाबद्दल त्यात एका अक्षरानं काही नव्हतं.

दुसरा असता तर घाबरून मागच्या दारानं गेला असता. भिमाजींनी अंगणात टेबल टाकलं, डोक्यावर टोपी चढवली आणि सुनावणी सुरू केली. खरं सांगायचं तर त्यांना हे सगळं फार आवडलं होतं. एकतीस वर्षं साहेब लोक सुनावणी घेताना ते आतल्या खोलीत टाक धुवत बसलेले. आता ते स्वतःच "पुढचा!" म्हणून पुकारा करत होते आणि बनाबाई खिडकीतून बघत होत्या.

पहिला आला सूर्यभान. त्याचं म्हणणं, नकाशात ओढा त्याच्या भावाच्या शेतातून दाखवलाय, तो इकडून पाहिजे.

"तवा तो तिकडनंच वाहत हुता," भिमाजी म्हणाले.

"तवाचं मला काय करायचंय? आता माझ्या रानात पानी शिरतंय. नकाशात ओढा हिकडं घेतला तर भाऊ गप बसंल."

"हरकत फेटाळली. पुढचा!"

मग एका वाडीचे सात जण एकदम आले. त्यांची वाडी नकाशात नव्हती. वाडी वसलीच मुळी १९२० च्या सुमाराला. भिमाजींनी हात जोडून विचारलं, "साहेब मोजायला आला तवा तुमची वाडी हुती का?" त्यातला पुढारी म्हणाला, "नसंना. पर इतकी घाई काय हुती? जरा थांबला असता म्हंजी समदीच गावं बसली असती." बाकीच्या सहांनी माना डोलावल्या. हीही हरकत फेटाळण्यात आली. पण ती मंडळी चहा घेतल्याशिवाय उठेनात आणि बनाबाईंची साखर त्या दिवशी संपली.

तीन दिवस हे चाललं. चाळीस हरकती फेटाळून भिमाजींचं मनगट दुखायला लागलं. एक्केचाळिसावा आला पठारावरचा पुंजाराम. सत्तरी ओलांडलेला, काठी टेकत आलेला. तो एकटाच असा निघाला, की ज्यानं नोटीस नीट वाचून घेतली होती.

"ह्या नकाशात माझा हिस्सा हाय," पुंजाराम म्हणाला.

भिमाजी सरसावून बसले. "तुमी पिकरिंगचे वारस?"

"न्हाई. माझा पणजा त्याच्याम्होरं मोजनीची साखळी वढायचा. सायेब तिवईवर दुर्बीन लावून सावलीत हुबा. डोंगर कोन चढलं? साखळी घिऊन काट्याकुट्यातनं कोन गेलं? आमचा पणजा. आजा सांगायचा, पायाची कातडी गेल्ती त्याच्या. मंग साहेबाचं नाव खाली, आन आमच्या मानसाचं का न्हाई?"

भिमाजींनी टाक उचलला होता तो खाली ठेवला. ही हरकत त्यांची स्वतःचीच होती. ते म्हणाले, "बाबा, पणज्याचं नाव सांगा. मी लिवतो."

पुंजारामनं कपाळाला आठ्या घातल्या. आकाशाकडे बघितलं. काठीनं जमीन उकरली.

"न्हाई आठवत," तो म्हणाला. "आजाला ठाव हुतं."

भिमाजींनी म्हाताऱ्याला स्टँडपर्यंत पोचवलं, एस्टीत खिडकीशी बसवलं आणि घरी येऊन त्या कागदावर 'हरकत फेटाळली' असं न लिहिता 'हरकत खरी आहे' असं लिहिलं. मग पाच पंचांच्या सह्या घेऊन पंचनामा केला, की सदर नकाशा कुणाचाही नाही.

गुंजाळ मॅडम नगरहून परतल्या त्या दिवशी भिमाजी पंचनामा, एक्केचाळीस हरकती आणि नोटिशीची प्रत असा गठ्ठा घेऊन हजर झाले. आबासाहेबांनी गठ्ठा चाळला आणि पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर समाधान दिसलं. मालक नाही तर नाही, पण कागद तर आहे ना. मॅडमनी मात्र डोक्याला हात लावला.

"अहो नाना, याची काही गरज नव्हती. वकील म्हणाले, मूळ नकाशा केव्हाच मोकळा झालाय. साल लिहिलं की पुरे."

"मंग जमलं तर!"

"ते जमलं हो. पण आपण तो मूळ नकाशा छापतच नाही आहोत. तो छापण्याच्या अवस्थेत नाही. आपण छापतोय तुमचा. तुम्ही आठ महिने बसून काढलात, गावोगाव हिंडून नावं बदललीत. वकील म्हणतात, हे नवीन काम आहे आणि त्याचे मालक तुम्ही. तुमच्या हयातीत आणि तुमच्या माघारी साठ वर्षं. म्हणजे परवानगीची सही तुमची पाहिजे."

भिमाजी खाली बसले. इतके दिवस ते ज्या मालकाला शोधत होते, त्याच्यासाठी चावडीवर नोटिसा लावत होते, तो सकाळ-संध्याकाळ त्यांच्याच आरशात दाढी करत होता.

"साठ वर्षं माघारी," ते म्हणाले. हिशोब लावून पाहिला तर नात प्रज्ञा, जी आता चौथीत होती, तीसुद्धा तोवर म्हातारी होणार होती.

"आणि नाना, आपल्या कोशातलं सगळं सगळ्यांसाठी मोकळं असतं. कुणीही घ्यावं, वापरावं. तेव्हा फॉर्मवर तेवढं लिहून द्या, की तुमचा हक्क तुम्ही सोडला. ही घ्या पेन."

भिमाजींनी पेन घेतली, फॉर्मकडे पाहिलं आणि पेन परत केली. "इचार करून सांगतो," म्हणाले, नकाशाची सुरळी काखेत मारली आणि घरी निघून गेले.

यानंतरचे नऊ दिवस बनाबाईंना अजून आठवतात. जन्मात ज्यानं रेशनकार्डाशिवाय कशावर मालकी सांगितली नव्हती, तो माणूस एकदम जहागीरदार झाला. नकाशा पत्र्याच्या नळीत, नळी पेटीत, पेटीची किल्ली जानव्याला बांधावी तशी करगोट्याला. कुणी बघायला आलं की, "बघा, पन हात लावू नका." एक मास्तर शाळेसाठी उतरवून घ्यायला मागत होते, त्यांना म्हणाले, "लेखी अर्ज करा." मास्तर बिचारे हिरमुसून गेले.

छापखान्याची मुदत जवळ आली तेव्हा खुद्द आबासाहेब घरी आले. चाळीस वर्षं दोघं एका गावात, पण आबासाहेबांनी या घरी कधी पाण्याचा घोट घेतला नव्हता. दारावरून जाताना चहाला बोलावलं तरी 'आज उपास आहे' असं काहीतरी निघायचं. आज ते आत आले, खुर्चीवर बसले आणि 'भिमाजी' म्हणायचं सोडून 'भिमाजीराव' म्हणाले. बनाबाईंनी चहाचा कप त्यांच्यासमोर धरला आणि तिथंच उभ्या राहिल्या.

"आज उपास न्हाई ना, गुरुजी?"

"नाही नाही," आबासाहेब म्हणाले आणि बशीत ओतून सगळा चहा प्यायले. तोंड पोळलं तरी थांबले नाहीत.

भिमाजी तेव्हा जे बोलले ते त्यांनी नऊ दिवस मनात घोळवलेलं होतं. "गुरुजी, हक्क सोडायला ना न्हाई. पर येकदा सोडला म्हंजी कोनीबी घेनार, उतरवनार, आन पयलं काय खोडतील? खालचं नाव. येकतीस वर्षं तेच झालं. पुंजारामच्या पणज्याचं तेच झालं. आता त्याचं नाव त्याच्या पणतूलाबी ठाव न्हाई."

"मग ठेवा तुमच्याकडंच," आबासाहेब चिडून म्हणाले. "पहिल्या पानावर सहकारमहर्षी घालतो."

आबासाहेब गेल्यावर बनाबाई कप विसळत म्हणाल्या, "त्या पिकरिंगनं असाच पेटीत घालून किल्ली कमरंला बांधली असती, तर तुमाला कुठला मिळाला असता?"

भिमाजींनी करगोट्याची किल्ली सोडली. मग कागद घेतला आणि हिरव्या फॉर्मला जोडायचा मजकूर लिहून काढला. तो लोककोशाच्या फायलीत अजून आहे.

"लिहून देणार भिमाजी येसू रणशूर, वय साठ, धंदा निवृत्त, स्वखुशीने व शुद्धीवर असताना लिहून देतो की, हा नकाशा मी तमाम जनतेस मोकळा केला आहे. कोणीही छापावा, उतरवावा, लहान अगर मोठा करावा, मला विचारू नये. मात्र नकाशा जाईल तिथे काढणाराचे नाव सोबत गेले पाहिजे. नाव वगळणारास ही परवानगी लागू नाही."

आबासाहेब म्हणाले, अट घातलेलं दान हे दानच नव्हे. मॅडमनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "गुरुजी, इथून पुढं आपल्या सगळ्या चित्रांना हाच मजकूर लावा." आबासाहेबांनी चष्मा पुसला, पण फॉर्म पूर्ण भरलेला होता, त्यामुळे त्यांचा इलाज चालला नाही.

आता फक्त नाव घालायचं राहिलं. आणि इथं भिमाजी अडले. हजारो नावं काढलेला तो हात स्वतःच्या नावाशी येऊन थांबला. नकाशात प्रत्येक गोष्टीच्या अक्षराचं माप ठरलेलं असतं. तालुक्याचं गाव मोठं, खेडं त्याहून लहान, वाडी-वस्ती अगदी बारीक, नदीचं नाव तिरकं. माणसाचं नाव केवढं काढायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. बारीक काढलं तर दिसेना, मोठं काढलं तर लाज वाटे. दोनदा पेन्सिलनं लिहून दोनदा खोडलं.

"गावायेवढं काढा," बनाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "तुमी काय वस्तीयेवढे न्हाई."

तेव्हा चौकटीच्या आत, खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं संगमनेरची हद्द संपून पारनेरचा मोकळा भाग सुरू होतो तिथं, खेड्याच्या मापात त्यांनी लिहिलं, भिमाजी रणशूर. पुढं काही नाही. शाई वाळेपर्यंत दोघं नवरा-बायको त्याच्याकडे बघत बसले आणि इकडे तव्यावरची भाकरी करपली.

कोश आला, पहिल्या पानावर नकाशा आला, नाव आलं. भिमाजींनी पाच प्रती घेतल्या. वर्षभरात नकाशा कुठं कुठं गेला. एका सोसायटीच्या कॅलेंडरावर आला, एका लग्नपत्रिकेच्या मागं 'येण्याचा मार्ग' म्हणून आला, आणि दर ठिकाणी नाव होतं. मग कुणीतरी सांगितलं, की पठारावरच्या एका शाळेनं तो भिंतीवर मोठा काढून घेतलाय. भिमाजींनी बनाबाईंना चांगलं लुगडं नेसायला सांगितलं आणि दोघं एस्टीत बसले.

शाळेची आख्खी भिंत. गोरक्ष पेंटरनं ऑइलपेंटमध्ये फार मन लावून काम केलं होतं. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी, गावांना लाल ठिपके. चौथीचा वर्ग भिंतीसमोर बसलेला, गुरुजी एकेका गावावर छडी लावत होते आणि पोरं एका सुरात ओरडत होती. "वडगाव पान! निमगाव जाळी! कौठे कमळेश्वर! चिंचोली गुरव!" छडी खाली उजव्या कोपऱ्यात आली आणि पोरं त्याच सुरात ओरडली, "भिमाजी रणशूर!"

भिमाजींनी चष्मा सारखा केला. गोरक्ष प्रामाणिक माणूस होता. खेड्याएवढं नाव आहे आणि ठिपका राहून गेलाय, हे त्याच्या लक्षात आलं होतं आणि त्यानं तो आपल्या पदरचा टाकून दिला होता. चांगला टपोरा, लाल.

बनाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की काय करत होत्या ते कळत नव्हतं.

भिमाजींनी 'जय भीम' केला तसे गुरुजी पुढं आले. "जय भीम, या. तुम्ही जाणती माणसं दिसता. बाकी सगळ्या गावांची माहिती मी पोरांना दिली, पण या कोपऱ्यातल्या गावाचा पत्ता लागत नाही. पारनेरकडच्या कंडक्टरलाही विचारलं. आता लोककोशाला कार्ड टाकणार आहे, की या गावाची नोंद राहिली म्हणून."

"गुरुजी," भिमाजी म्हणाले, "ते गाव न्हाई. ते मी हाय."

गुरुजींना समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा ते कानापर्यंत लाल झाले. माफी मागू लागले, छडी मागं लपवू लागले. "उद्याच गोरक्षला बोलावतो. ठिपका पुसून घेतो. शाळेच्या भिंतीवर चूक राहता कामा नये."

चूक तर होतीच. एकतीस वर्षांत भिमाजींनी एक विहीर इकडची तिकडे होऊ दिली नव्हती. साहेबानं सांगितलं तरी नसता ठिपका टाकला नव्हता. नकाशात जे जमिनीवर नाही ते असू नये, यावर त्यांनी जन्म काढला होता. ते भिंतीपाशी गेले, वाकले आणि त्या लाल ठिपक्यावर अंगठा ठेवून पाहिला. त्यांना इतका आनंद झाला होता की डोळ्यांना नीट दिसेना.

"राहू द्या गुरुजी," ते म्हणाले. "रंग वाळलाय आता."